साय, मिरी आणि सासूबाईंचं माहेर

घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा पहिला प्रश्न आला तो सशांचा. पुण्यातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. त्या गॅलरीत साय आणि मिरी राहायच्या. मिस्टरांच्या ऑफिसातले एक गृहस्थ बदली होऊन गेले, तेव्हा जाताना या दोघी बहिणी आमच्या पदरात टाकून गेले होते. साय पांढरीशुभ्र आणि भित्री. मिरी रानातल्या सशासारखी करडी-तांबूस आणि नको तितकी धीट. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑइलपेंटच्या वासात यांना ठेवू नका, सशांची छाती नाजूक असते.

शेजारी ठेवाव्यात, असं माझं मत होतं. सासूबाईंनी ते उडवून लावलं. म्हणाल्या, "शेजारीण वाटीभर साखर देईल, जितराब न्हाय संभाळायची." मग स्वतःच तोडगा काढला. त्यांच्या मनात कधीपासून गावाकडे जायचं होतं. मुलीकडे, बहिणीकडे आणि शेवटी माहेरी. मला टेलिफोन ऑफिसातून रजा मिळत होती. रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला मिस्टर घरी राहणार होते. तेव्हा आम्ही दोघी जाऊ आणि त्या दोघीही येतील.

सासूबाई मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या बावड्याच्या. त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि निम्मं वर्ष कळपामागे रानोमाळ हिंडायचे. पुढे भावानं मेंढरं विकून शेती धरली. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे पुण्याला आल्या. तेव्हापासून त्या माहेरी गेल्या तरी एक-दोन रात्रींवर कधी राहिल्या नाहीत. मुलाचं जेवण, माझी ड्यूटी, काही ना काही निघायचंच. ही गोष्ट नव्वदनंतरच्या त्या वर्षांतली, जेव्हा गावोगाव एसटीडीचे पिवळे बूथ नवेनवे दिसू लागले होते.

डॉक्टरांनी मला तयारी सांगितली होती. आदल्या आठवड्यात झाकणाची वेताची पेटारी आणली आणि झाकण उघडं टाकून गॅलरीतच ठेवली. रोजचा चारा तिच्यातच टाकायचा. मिरी पहिल्याच दिवशी आत जाऊन बसली. साय दोन दिवस पेटारीकडे पाठ करून होती, मग एका दुपारी आत जाऊन झोपली. नंतर मी पेटारी मांडीवर घेऊन रिक्षानं स्वारगेटपर्यंत जाऊन आले, म्हणजे धक्क्यांची सवय व्हावी. रिक्षावाला दर चौकात मागे वळून बघायचा. खाली जुनं गोणपाट घातलं, ते मुद्दाम धुतलं नाही. नवं-स्वच्छ आपल्याला बरं वाटतं, पण सशाला स्वतःचा वास बरा वाटतो. घरचं पाणी कॅनमध्ये, घरचं गवत पिशवीत. एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा सांगितली: ससा अर्धा दिवस काही खाल्ल्याशिवाय बसला तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याचं पोट थांबलं की तो हातचा जातो.

जानेवारी संपत आला होता. पहाटेच्या एसटीत आम्ही पुढची बाकं धरली. कंडक्टरनं पेटारीत डोकावून पाहिलं, थोडा विचार केला आणि कोंबड्यांना तिकीट असतं पण सशांचं त्याला कुणी सांगितलेलं नाही, असं म्हणून पुढे गेला. सासूबाईंनी सगळा प्रवास एक हात पेटारीत ठेवला. बारामतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांचा हात बधिर झाला होता. साय मात्र त्या हाताखाली शांत होती.

सांगवी

सांगवीला माझी नणंद शकूताई दिली आहे. बारामतीहून जीपनं गेलो. दोन्हीकडे ऊस, मधूनच तुऱ्यांचा पांढरा लोट, आणि रस्त्यावर सांडलेली उसाची कांडकी. शकूताईंच्या अंगणात आम्ही उतरेपर्यंत बातमी पुढे पोचली होती. रानातला ससा सगळ्यांना माहीत, पण पांढरा ससा आणि तोही पेटारीतून पाहुणा आलेला, हे नवल. बायका लेकरांना कडेवर घेऊन आल्या. कुणी गूळ आणला, कुणी भाकरी, कुणी लसूणघासाची ओली पेंडी. मी प्रत्येकीला नाही म्हणत होते. अनोळखी चारा एकदम घातला तर यांचं पोट बिघडतं, हे मी समजावून सांगितलं. पण पुण्यात "नको" म्हणणं साधं असतं, तसं तिथे नसतं. पाहुण्याच्या ताटात वाढलेलं परत घ्यायचं, म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. एक म्हातारी पेंडी परत नेताना म्हणाली, पुण्याच्या सशांना आमचं गवत खपत नाही. शकूताई ओशाळल्या आणि मीही.

सासूबाईंनी मार्ग काढला. ती पेंडी त्यांनी म्हातारीच्या हातून मागून घेतली, दाराच्या खुंटीला टांगली आणि सांगितलं, आज वाळू दे, उद्या देते. म्हातारीचं समाधान झालं.

खरी अडचण वेगळीच निघाली. शकूताईंच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. दुपारी ती सुरू झाली आणि नळकांड्यातून पुक-पुक-पुक असा आवाज भिंतीपलीकडून येऊ लागला. साय कोपऱ्यात अंग आक्रसून, कान पाठीला चिकटवून बसली. घरचं गवत पुढे केलं, तोंड लावलं नाही. पाणी नाही. मिरी तिच्या अंगावरून उड्या मारून खात होती आणि ही दगडासारखी. संध्याकाळ व्हायला आली तरी पेटारीत तिची एक लेंडी दिसली नाही. डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरू लागलं. बारामतीला परत जाऊन डॉक्टर शोधावा का, हे मी शकूताईंच्या मिस्टरांना विचारलं. त्यांनी मोटारसायकल बाहेर काढून ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, आधी जागा बदलू. मागच्या बाजूला कडब्याची खोली होती, तिथे आवाज पोचत नव्हता. पेटारी तिथे नेली, दार लोटलं आणि बघ्यांना बाहेर ठेवलं. सासूबाईंनी अंगावरचं, प्रवासात नेसलेलं लुगडं बदललं आणि ते तसंच मळलेलं पेटारीत सायच्या भोवती खोचून दिलं. मी तिचं पोट हळूहळू चोळत बसले, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं. गिरणी थांबली. बऱ्याच वेळानं सायनं मान लांब करून लुगड्याचा काठ हुंगला, मग गवताची एक काडी ओढली. ती काडी तिच्या तोंडात हळूहळू आत जाताना मी पाहिली आणि मला भूक लागल्याचं कळलं.

शकूताईंनी रानात हुरडा भाजायला लावला होता. गोवऱ्यांच्या आरात कणसं, वर लसणाची चटणी, सोबत दही. तळहातावर चोळलेला गरम हुरडा शहरातल्या कुठल्याच खाण्यासारखा नाही. सकाळी खुंटीवरची पेंडी बऱ्यापैकी सुकली होती. त्यातल्या दोन काड्या मी म्हातारीसमोरच मिरीला दिल्या. मिरीनं त्या खाल्ल्या आणि आणखी मागितल्या. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण जाताना माझ्या पिशवीत शेंगा टाकून गेली.

अंथुर्णे

बारामतीहून इंदापूरच्या गाडीनं अंथुर्ण्याला उतरलो. सासूबाईंची धाकटी बहीण बायजामावशी इथे असते. बापू, म्हणजे तिचे यजमान, पूर्वी मेंढरं राखायचे. आता कॅनॉलकडेला त्यांचा ऊस आहे आणि दावणीला चार शेळ्या. घर रानातच. पडवीतून दोन पावलं टाकली की उसात.

बापूंच्या उसाची तोड चालू होती. कारखान्याची तोड आली म्हणजे तिथल्या घरात लग्नासारखी गडबड असते, हे मला तेव्हा कळलं. बीडकडची टोळी आली होती. बांधापलीकडे त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बैल आणि टायरगाड्या. बहुतेक फड मोकळा झाला होता. घराला लागून उसाचा एक पट्टा तेवढा उभा होता, तो उद्या सकाळी पडणार होता.

मावशीनं बाजरीच्या भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी केली होती. बहिणी बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या. दोघींचं बोलणं एकदम चालायचं आणि तरी दोघींना एकमेकींचं कळायचं. मी पेटारी पडवीत सावलीला ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. मावशीला राहवलं नाही. पाहुण्यांना काही दिलं नाही असं तिच्या घरात कधी झालं नसेल. तिनं झाकण उघडलं आणि भाकरीचा तुकडा आत धरला. तेवढ्यात मोकळी असलेली एक शेळी भाकरीच्या वासानं पुढे आली आणि तिनं पेटारीला ढुशी दिली. पेटारी कलंडली. साय जागच्या जागी चिकटून राहिली. मिरीनं उडी मारली, अंगण ओलांडलं, टायरगाडीखालून निघाली आणि उसात शिरली.

मी आले तेव्हा मावशी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तशीच उभी होती.

आम्ही सगळे उसात शिरलो. उभ्या उसात माणूस चार हातांवर दिसत नाही, तिथे ससा कुठून दिसणार. पाचट पायाखाली वाजायचं, आपल्याच आवाजाला आपण फसायचो. पानांनी माझे हात आणि गाल कापले. सासूबाई कडेकडेनं हाका मारत होत्या. ऊन उतरेपर्यंत शोधलं. मग बापू म्हणाले, आता थांबा, घाबरून ती आणखी आत जाईल.

अंगणात बसल्यावर बापूंनी जे सांगितलं ते सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फड तोडत आणला की आतली जनावरं मागे सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. ससे, मुंगूस, कधी कोल्हा. शेवटच्या ओळी पडायला लागल्या की टोळीतले लोक भोवती कडं करून उभे राहतात. ससा निघाला की तो त्यांचा. महिनोन्महिने चटणी-भाकरीवर राहणाऱ्या माणसांना तेवढाच रस्सा मिळतो, मालकानं त्यात बोलायचं नाही, अशी रीत. तोड पुढे ढकलता येत नव्हती. उद्या गाड्या भरून निघाल्या नाहीत तर कारखान्याकडून पुन्हा नंबर कधी लागेल याचा नेम नव्हता.

साय गेली असती तर निदान पांढरी म्हणून ओळखू आली असती. मिरी तर हुबेहूब रानातल्या सशासारखी.

दिवस बुडायच्या आत सासूबाई, बापू आणि मी कोप्यांकडे गेलो. चुली पेटल्या होत्या. मुकादम खाटेवरून उठला, त्यानं आम्हाला बसायला दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की पोरं या दिवसाची वाट बघत असतात, त्यांना आवरणं त्याच्या हातात नाही. पाळीव दिसली तर सोडतील, पण धावत्या सशाचा रंग आणि कान कोण बघतो. तो खोटं बोलत नव्हता.

बाजूच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती. तिचं नाव कौसाबाई. तिनं मान वर न करता विचारलं, "ससा कुनाचा हाय?"

सासूबाई म्हणाल्या, माझा.

"दूध देतो का लोकर?"

"काय बी देत न्हाय."

"मग कशाला पाळला?"

सासूबाई चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलायला. ल्योक आन् सून सकाळी कामाला जात्यात ते दिवस मावळल्यावर येत्यात. दिवसभर घरात मी आन् त्या दोघी. आनखी कोन हाय?"

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. हे त्या माझ्याविषयी तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, हे मला कळत होतं. त्या फक्त विचारलेल्याचं उत्तर देत होत्या. तरी मी पदराशी खेळत खाली बघत राहिले.

कौसाबाईनं भाकरी उलटली. म्हणाली, "मंग उद्या कुन्याच सशावर हात टाकायचा नाही. रंग बघत कोन बसतंय." पलीकडून एक गडी कुरकुरला की आलेला ससा कुणी सोडतं का. तिनं त्याला एवढंच सांगितलं की तुझी आई गावाकडं एकटीच बसली आहे, आठवतंय ना. मुकादम तिचा नवरा होता हे मला नंतर कळलं. तो हसून म्हणाला की आता ठरलं म्हणा.

मावशी त्या रात्री जेवली नाही. सासूबाईंनी दोनदा म्हटलं, पण ती म्हणाली, मला भूकच नाही.

उजाडायच्या सुमाराला कोयते वाजू लागले. बापूंनी आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन कुत्री बांधून घ्यायला लावली होती. थंडी चांगली होती. उसाच्या शेंड्यांवर धुकं आणि खाली कोयत्याचा एकसारखा सप्-सप् आवाज. बायका मोळ्या बांधत होत्या. आम्ही पट्ट्याच्या घराकडच्या अंगाला उभ्या होतो, मध्ये सायची पेटारी. वासानं तरी मिरी इकडे येईल अशी आशा होती. पट्टा अरुंद होत गेला. एक मुंगूस निघून गेलं. मग शेवटच्या काही ओळी उरल्या तेव्हा पाचटात खसखस झाली आणि एक ससा उसळून बाहेर आला.

तो मिरी नव्हता. मोठा, लांब पायांचा, रानातला. कडं करून उभ्या असलेल्या माणसांच्या मधोमध तो क्षणभर थांबला. कालच्या त्या कुरकुरणाऱ्या गड्याच्या पायाशी होता म्हटलं तरी चालेल. गड्यानं हातातला दांडका उचलला होता. तो त्यानं तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला. ससा वाकडातिकडा पळत कॅनॉलच्या भरावावर चढला आणि पलीकडे गेला. सगळे त्या भरावाकडे बघत होते. मला वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी सशाला असं शेवटपर्यंत जाताना पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मग शेवटची ओळ पडली. समोर नुसतं पाचट आणि उघडी जमीन, पार बांधापर्यंत. मिरी कुठेच नव्हती.

माणसं हळूहळू मोळ्या उचलायला गेली. मावशी जमिनीवर बसली. मी सासूबाईंचा दंड धरला, पण त्या बसायला तयार नव्हत्या. घरात गेल्या आणि मावशीच्या मांडणीवरची एक स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन आल्या. पुण्यात त्या रोज सकाळी गवत निवडून झालं की ताटली वाजवतात. तो आवाज आला की दोघी गॅलरीच्या दाराशी येतात. सासूबाई मोकळ्या फडातून ताटली वाजवत निघाल्या. बांधापर्यंत गेल्या, बांध ओलांडला, कोप्यांकडे वळल्या. ताटली वाजवायची, थांबायचं, "ये गं मिरे" म्हणायचं, पुन्हा वाजवायची. टोळीतली माणसं त्यांना वाट करून देत होती. कुणी हसलं नाही.

कोप्यांपाशी बैलांपुढे वाढ्यांचा ढीग होता, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्या ढिगातून आधी एक कान आला. मग मिरी आली, तोंडात पान तसंच धरून, आणि सासूबाईंच्या पायाशी येऊन बसली. रात्री कधीतरी ती उसातून निघून बैलांच्या उबेला गेली असणार. आम्ही सगळे पट्ट्याभोवती कडं करून उभे होतो आणि ही मागे बसून नाश्ता करत होती. एका कानाला पानाची चीर पडली होती, नाकावर ओरखडा. बाकी काही नाही.

सासूबाईंनी तिला पदरात घेतलं. रडल्या वगैरे नाहीत. बहिणीकडे येऊन म्हणाल्या, "बायजे, आता तरी भाकर खा." मग मावशी रडली, आणि रडता रडता तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

एवढ्यावर सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी बापूंना सांगितलं की टोळीचा ससा आपल्यापायी गेला, तर त्यांच्या तोंडी कोंबडा गेला पाहिजे. दुपारी गाड्या भरून निघाल्यावर मावशीच्या अंगणात मोठ्या पातेल्यात रस्सा शिजला. मी कौसाबाईच्या शेजारी बसून भाकरी भाजल्या. माझ्या भाकरीला पाणी लावायची वेळ चुकायची, ती न बोलता सावरून घ्यायची. मिरीला जड पडू नये म्हणून मी तिला त्या दिवशी फक्त घरचं गवत आणि पाणी दिलं. वाढ्यांनी तिचं पोट थोडं ढिलं झालं होतं. संध्याकाळपर्यंत ते ठीक झालं. साय मात्र दिवसभर तिचा चिरलेला कान चाटत होती.

बावडा

इंदापूरला गाडी बदलून बावड्याला पोचलो. सासूबाईंचे भाऊ, ज्यांना गाव आबा म्हणतं, ते स्टँडवर टोपी सावरत उभे होते. फोनवर निरोप गेला होता, तेव्हा त्यांनी तयारी करून ठेवलेली. घरामागे लिंबाखाली मेंढरं कोंडायची जुनी जाळी, वाघर म्हणतात तिला, ती माळ्यावरून काढून दुहेरी करून उभी केली होती. भोक मोठं राहू नये म्हणून तिला खालच्या अंगाला गोणपाट शिवलेलं. आत एक उलटी पाटी, लपायला. आबांनी सांगितलं की मेंढरं विकली त्या दिवसापासून ही वाघर पडून होती. सासूबाईंच्या वहिनी म्हणाल्या, ती शिवायला आबांना अख्खी दुपार लागली आणि तेवढा वेळ ते गाणं म्हणत होते.

आम्ही आता शहाणे झालो होतो. पेटारी वाघरीच्या आत ठेवली, झाकण उघडलं आणि बाजूला झालो. कुणी हात घातला नाही, उचललं नाही. यायचं तेव्हा येतील. मिरी आधी आली, चारी बाजूंनी हुंगून फिरली आणि तिनं लिंबाच्या बुंध्याला हनुवटी घासली. ससे आपली जागा अशी आपली करतात. साय दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आली. इथला घास आम्ही थोडा थोडा, घरच्या गवतात मिसळून वाढवत नेला. पुण्याच्या कॅनमधलं पाणीही मी असंच विहिरीच्या पाण्यात मिसळत गेले. दोघींनी काही कुरकुर केली नाही.

आबा मोटेच्या विहिरीपासून गावच्या शाळेपर्यंत सगळं मला दाखवत हिंडले. आठवड्याच्या बाजारात आम्ही शेवचिवडा घेतला आणि तो उसाच्या कडेला बसून खाल्ला. पुण्यात माणूस पाहुणा आला की आपण त्याला एका खोलीत बसवतो आणि तिथे चहा नेतो. बावड्यात पाहुण्याला सगळ्या घरातून, गोठ्यातून, शेजाऱ्यांच्या ओसरीवरून फिरवून आणतात. संध्याकाळपर्यंत तो पाहुणा उरतच नाही. कुणीतरी मला शेंगा फोडायला बसवलं तेव्हा मला बरं वाटलं.

सासूबाई तर ओळखू येत नव्हत्या. पुण्यात त्या सकाळी उठून माझा डबा होईपर्यंत स्वयंपाकघरात उभ्या राहतात आणि मग गॅलरीत बसतात. इथे त्या उठायच्या आणि बाहेर जायच्या. लहानपणच्या दोन मैत्रिणी अजून गावात होत्या. एकीला ऐकू येत नव्हतं, दुसरीला दिसत नव्हतं, आणि तिघी लिंबाखाली बसून तासन्‌तास बोलायच्या. भाऊ-बहीण मेंढरांच्या नावांवरून भांडायचे. अमक्या दुष्काळात कुठली मेंढी कुठे हरवली होती, यावर दोघांचं एकमत होईना.

माझी रजा संपत आली. निघायच्या आदल्या दुपारी मी वाघरीपाशी पेटारी झाडत होते. साय उन्हात पाय पसरून चक्क कुशीवर पडली होती, पोट वर-खाली होत होतं. ससा असा आडवा तेव्हाच पडतो, जेव्हा त्याला कुठूनही काही येईल असं वाटत नाही. पुण्यात मी तिला असं एकदाही पाहिलं नव्हतं.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "वंदना, त्या आता कुठं रमल्यात. लगीच हलवलं तर पुन्हा घाबरतील, न्हाय का?"

मी म्हणाले, "हो."

"घराला रंगाचा वास बी असंल अजून."

मी म्हणाले, असेल. खरं तर मिस्टरांनी बूथवर फोन करून दोन दिवसांपूर्वीच रंग संपल्याचं सांगितलं होतं आणि खिडक्या उघड्या टाकल्यात असंही. ते सासूबाईंनाही माहीत होतं, कारण निरोप त्यांनीच घेतला होता.

"मग ऱ्हाऊ द्यात का हितं? होळीपातुर?"

"राहू द्यात," मी म्हणाले. "आणि तुम्हीही राहा. त्यांना ओळखीचं कुणीतरी हवं."

त्या सायच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. आबा गोठ्यातून सगळं ऐकत असावेत, कारण लगेच त्यांनी वहिनींना मोठ्यानं हाक मारली आणि वाकळ उन्हात टाकायला सांगितलं.

सकाळी त्या मला स्टँडवर पोचवायला आल्या. मी सशांच्या सूचना द्यायला सुरुवात केली, तर त्यांनी मला थांबवून घराच्या सूचना द्यायला घेतल्या: दुधाला विरजण कुठलं, नळ किती वाजता जातो, मिस्टरांना पथ्य काय. मी सगळं मान डोलावून ऐकलं. एसटी आली. पहिल्यांदाच माझ्या मांडीवर पेटारी नव्हती आणि हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. गाडी सुटल्यावर हात हलवायला मी खिडकीतून वाकले. सासूबाई उभ्या नव्हत्या. पदर खोचून त्या घराकडे निघाल्या होत्या, भराभर, कारण दोघींच्या चाऱ्याची वेळ झाली होती.